दाराची कडी वाजली

मंडळी, आज पोलादपूरच्या शाळेत चौथीला एक रहस्यकथा वाचून दाखवत होतो. रात्रीची वेळ, घरात आई आणि मुलं, एवढ्यात दाराची कडी वाजते. तिथे थांबून मी विचारलं, "बाहेर कोण असेल?"

मुलं घाबरतील असं वाटलं होतं. गंगी म्हणाली, "बापूस आला आसंल, गुरुजी. शिमग्याची मुंबईची आगबोट लागली ना दासगावच्या बंदराला."

"आणि चोर असला तर?"

"चोर कडी कशाला वाजवंल?" सगळा वर्ग हसला.

माझा मुलगा मुंबईला गिरणीत होता. दिवाळीनंतर तापाने तिथेच वारला. दर शिमग्याला तोही अशीच कडी वाजवायचा.

कथेत बाहेर दरोडेखोर आहे. ते न वाचताच मी पुस्तक मिटलं. उद्या मुलं पुढचं विचारतील. तुम्ही काय सांगितलं असतं?