खिरीत साखर नव्हती, असं माझं म्हणणं होतं

आमच्या घरी सोनं कधी तोललं गेलं नाही. बदाम मात्र ग्रॅमवर तोलले जातात. कारण मैत्री, आमची नऊ वर्षांची लेक. तिला मिरगीचे झटके येत. नुसत्या औषधांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी सोबत कीटोजेनिक आहार सुरू केला: तेल-तूप-साय भरपूर, भात-पोळी जवळपास बंद आणि साखर साफ बंद. झटके कमी झाले. पण एका लाडवानं सगळं बिघडू शकतं, अशी आहारतज्ज्ञ मॅडमची तंबी होती. त्यामुळे कुठल्याही पंगतीत मैत्री आपला डबा घेऊन कोपऱ्यात.

बुद्धपौर्णिमा जवळ आली तशी ती म्हणाली, "बाबा, विहारातली खीर मी कधीच खाणार नाई का?"

झालं! माझ्यातला विज्ञानशिक्षक पेटला. (तो पेटला की माझी बायको सुषमा आधी गॅस बंद करते.) पोरीनं वेगळं काऊन खायचं? अख्खा विहारच तिची खीर खाईल! मॅडमकडून पाककृती आणली: खोबरं, साय, बदामाची पूड, खोबरेल तेल, वेलची. ती होती एका वाटीची. मी ती गुणून गुणून मोठ्या गंजाएवढी, म्हणजे भल्या थोरल्या पातेल्याएवढी केली.

"सर, लग्न हाय का घरी?" साय मोजता मोजता सिंदी मेघेतल्या डेअरीवाल्यानं विचारलं.

"प्रयोग हाय."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. पोरगा त्याचा माझ्याच वर्गात होता.

"चाखून तं पाहा," सुषमा म्हणाली.

"ग्रॅमवर मोजलेल्या गोष्टीले चाखा लागत नाई."

"मंग शोभाकाकूले तरी सांगा, यात साखर नाई म्हणून."

"आधी खाऊ दे सगळ्यांले. मंग भाषणात सांगतो."

शोभाकाकू म्हणजे विहाराच्या स्वयंपाकाच्या प्रमुख. गंज त्यांच्या हवाली केला आणि मी मागच्या ओट्यावर भाषणाची उजळणी करायला गेलो. परतलो तर पंगत बोटं चाटत होती.

"सर, एक नंबर!"

"काकू, टाका ना अजून."

मी तरंगतच माईकपाशी पोचलो. (भाषणाआधी मी काही खात नाही. आवाज बसतो.) "बंधू-भगिनींनो, तुम्ही जी खीर खाऊन राह्यले, तिच्यात साखरेचा कणही नाई. हा खोबऱ्याचा नैसर्गिक गोडवा!"

टाळ्या पडल्या. शोभाकाकू तेवढ्या हातातल्या डावाकडे बघत होत्या. मी एका हातात माईक आणि दुसऱ्या हातात भरलेली वाटी घेऊन मैत्रीपाशी गेलो. तिनं तोंड घट्ट मिटलं.

"बाबा, गंजापाशी मुंग्या हायेत."

"असतीन."

"साखर नाई, तं मुंग्या काऊन येऊन राह्यल्या?"

पाहिलं तर भिंतीपासून गंजापर्यंत मुंग्यांची रांग. माझ्या भाषणापेक्षा कितीतरी मुद्देसूद.

"मले काय माहीत, बाबू," काकू पुढे आल्या. "चाखली तं गोडच नाई. म्हटलं साखर टाकाले विसरला, चारचौघात तुई इज्जत जाईन. मैत्रीचा तं डबाच असते ना. दिली टाकून."

हे सगळं माईकवर गेलं. मी तो बंद केला नव्हता.

विहार हसला. मला हसू येईना. एक चमचा पोटात गेला असता तर? मी वाटी लांब ठेवली, तोवर मैत्री कोपऱ्याकडे निघाली होती.

"थांब वं, मैत्री." सुषमानं पिशवीतून एक डबा काढला आणि छोटा वजनकाटाही. "गंज घरून निघाच्या आधीच ही काढून ठेवली होती. तुये बाबा भाषण करणार म्हटलं की मले धास्तीच असते."

वाटी तोलली गेली. मैत्री पंगतीच्या ऐन मधोमध बसली, शेजारच्या पोरीला "त्याच गंजातली हाय" असं दोनदा सांगितलं आणि वाटी चाटूनपुसून साफ केली.

डब्यात उरलेल्यातली थोडी सुषमानं वाटीत घालून माझ्यापुढे ठेवली. माझी खीर मी पहिल्यांदाच चाखली. जिभेला कुणी चंपी करून दिल्यासारखं वाटलं.

मैत्री टक लावून बघत होती. "कशी झाली, बाबा?"

"लय भारी."

"मंग घ्या ना अजून."

सुषमानं अख्खा डबा माझ्या वाटीत उपडा केला. मी मोठ्या आशेनं शोभाकाकूंकडे पाहिलं. त्यांनी साखरेचा डबा पदराआड घेतला.

"नाई, बाबू. नैसर्गिक गोडवा हाय त्याच्यात."