मिस्टर वॉल्टर यांचा खर्ज

“वॉल्टरशिवाय आपलं ते गाणं उभं राहणार नाही. उद्या नुसती प्रार्थना म्हणू,” खाली त्याच्या गाण्यातला जुना साथीदार रेमंड म्हणाला. मी जिन्यावर थबकले. माझे घरमालक, मिस्टर वॉल्टर, चार दिवसांपूर्वी गेले होते आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्यांना निरोप द्यायचा होता. त्याला आता महिना होऊन गेला…

अमेरिकेत कोलंबसला शिकायला आले तेव्हा मी त्यांच्या घरातली वरची खोली घेतली. ते डू-वॉप नावाची जुनी समूहगाणी गाणारे, हे मला उशिरा कळलं. एकाच गल्लीतली चार कृष्णवर्णीय मुलं, वाद्यं घ्यायची ऐपत नाही, म्हणून सगळं गळ्यातून. रेमंड वरच्या सुरात, दोघे मध्ये आणि मिस्टर वॉल्टर खर्जात ‘दूम-दूम’ करत सगळ्यांना तोलून धरणार. पन्नासच्या दशकात त्यांची एक रेकॉर्ड रेडिओवर गाजली. दक्षिणेत दौरे झाले. टाळ्या मिळायच्या, हॉटेलात खोली मिळायची नाही, झोप गाडीतच. मग गिटारवाले आले आणि लोक यांना विसरले. मिस्टर वॉल्टर यांनी सिटी बस चालवली. अलीकडे जुन्या गाण्यांची टूम निघाली, तेव्हा चौघं गडद लाल कोट शिवून शाळांच्या हॉलमध्ये पुन्हा गाऊ लागले.

तालीम आमच्या जिन्याखाली व्हायची, तिथे आवाज घुमतो म्हणून. मी वरच्या पायरीवर बसायचे. “तू भाडेकरू आहेस की कठडा?” ते विचारायचे. इंग्रजी शाळेत शिकूनही मी नुसती हसायचे.

थंडी सुरू झाली तसा त्यांना दम पुरेना. शेवटच्या कडव्याला ते भिंतीला टेकून नुसते ओठ हलवत. बाकीचे डोळे मिटून गात. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना तो खर्ज ऐकूच येत असावा. एकदा मिस्टर वॉल्टर यांनी वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं…

“निदान शेवटचं कडवं?” त्या दिवशी खाली मधल्या सुरातला अर्ल विचारत होता.

“तिथेच तर तो सगळ्यात जास्त लागतो,” म्हणत रेमंडने टोपी उचलली.

मी खाली उतरले. तिघं माझ्याकडे वळले. त्या घरात मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते.

“ते कडवं मिस्टर वॉल्टर गात नव्हते,” मी म्हणाले. “पूर्ण हिवाळाभर. तुम्ही तिघंच गात होता… आणि ते ऐकत उभे असायचे.”