चूळकाकू

काकूंनी शेकड्यांनी वाइन चाखल्या, पण त्यातला एक थेंबही कधी पोटात गेला नाही. घोट तोंडात घ्यायच्या, डोळे मिटायच्या, गालांत खळखळवायच्या आणि स्टीलच्या डब्यात चूळ टाकून मोकळ्या व्हायच्या. जपानात ओजिमाला आम्ही राहायचो, तिथल्या इमारतींमधल्या पोरांनी त्यांचं नाव चूळकाकू पाडलं होतं. पोरं एकमेकांत जपानी बोलायची आणि मध्येच हे चूळकाकू अस्सल मराठीत यायचं. काकूंच्या कानावर ते गेलं होतं. “मग, खोटं आहे का?” एवढंच म्हणाल्या.

वाइनच्या दुकानात काम धरलं तेव्हा त्यांनी नाशिकला फोन करून सासूबाईंना शब्द दिला होता, की पोटात काही जाऊ देणार नाही. दोन वर्षांनी सासूबाई वारल्या. मी एकदा चेष्टेत म्हटलं, “आता कोण बघतंय काकू?” त्या डबा विसळत होत्या. “मी बघतेय ना,” म्हणाल्या.

हे दुकान त्यांना भूकंपाने दिलं. त्या आठवड्यात आमच्यातली निम्मी कुटुंबं मिळेल ते विमान पकडून पुण्या-मुंबईला पळाली. मीही पळाले आणि दोन महिने आईकडे टीव्हीसमोर बसून राहिले. काकांना ऑफिसने सोडलं नाही, म्हणून काकूही राहिल्या. स्टेशनजवळ ओनो-सान नावाच्या म्हाताऱ्याचं फक्त इटालियन वाइनचं छोटं दुकान होतं. त्याची फडताळंच्या फडताळं खाली आली होती आणि तो एकटा दारात झाडू धरून उभा होता. काकूंनी घरून रबरी हातमोजे आणले. तीन दिवस दोघं वेचत होते, काच वेगळी, बुचं वेगळी, पुठ्ठा वेगळा. “बागेत घड आंबले की येतो ना, तो वास होता गं. किती वर्षांनी आला,” असं त्या मला नंतर सांगायच्या. चौथ्या दिवशी ओनो-साननी त्यांना अरुबाइतोवर ठेवून घेतलं, म्हणजे ठरावीक तासांचं काम. जपानी धड येत नसलेली, वाइनला न शिवलेली निफाडकडची बाई!

पण द्राक्ष त्यांना कळत होतं. त्यांच्या वडिलांची बाग होती. काकू लहान असताना वडिलांनी भोकरी द्राक्षाचे जुने वेल उपटून बिनबियांची थॉमसन लावली, कारण बाजार थॉमसनला होता. त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या. इटलीतही तेच झालं होतं, हे त्यांना ओनो-सानच्या दुकानात कळलं. शेकडो वर्षांच्या जाती, नखरे फार, उत्पन्न कमी, म्हणून लोकांनी उपटल्या आणि सोप्या जाती लावल्या. “एखादा हट्टी म्हातारा चार ओळी ठेवतो बघ, त्यावर अख्खी जात जगते,” असं म्हणताना त्या बाटलीवरून हात फिरवायच्या. तिमोरास्सो हे त्यांचं लाडकं द्राक्ष. ते असंच जाता जाता वाचलं होतं.

त्यांची एक शंभर पानी वही होती. ओनो-सान इटालियन नावं सांगायचे, काकू ती देवनागरीत उतरवायच्या आणि पुढे चव लिहायच्या. ‘आल्यानिको: तापलेला तवा नळाखाली धरल्यावर येतो तो वास. मागून आमसूल. तोंडाला कच्च्या सुपारीसारखी मिठी बसते.’ ‘तिमोरास्सो: मेण, जरासा मध, ओला दगड.’ ओनो-साननी हट्टाने त्याचं जपानी करून घेतलं आणि चिठ्ठ्या बाटल्यांच्या गळ्यांत अडकवल्या. आमसूल म्हणजे काय, हे काकू गिऱ्हाइकांना पाच पाच मिनिटं सांगायच्या. शेवटी घरून डबी आणून चाखायलाच द्यायला लागल्या.

शनिवारी दुपारी दुकानातल्या चाखायच्या उरलेल्या बाटल्या त्या घरी आणायच्या आणि मला बोलवायच्या. मी पुण्यात पीएचडी अर्धवट टाकून नवऱ्यामागे आलेली. मला काय वाटतं, हे बरेच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. काकू विचारायच्या. मी पुस्तकातलं काही बोलले की टेबलावर टिचकी मारायच्या, “ते नको. तुझ्या जिभेला काय वाटलं?” एका पांढऱ्या वाइनला शेवटी कडू बदामाची चव होती. मी तोंड वाकडं केलं. “कडू शेवटीच यायला हवं,” त्या म्हणाल्या. “आधी आलं तर द्राक्ष कच्चं. आलंच नाही तर ते सरबत.” त्या चूळ टाकायच्या आणि मी गिळायचे. चांगले दोन-तीन ग्लास व्हायचे माझे. “गीळ, पण लक्ष देऊन गीळ,” एवढीच त्यांची ताकीद असायची.

याच काकू दरवर्षी फुनाबोरीच्या हॉलमध्ये मराठी मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदक करायच्या. इथल्या तांदळाच्या पिठाची उकड चिकट होते. कुठलं पीठ चालतं, हे त्यांनी किती पाकिटं वाया घालवून शोधलं होतं. बारा महिन्यांत आपल्या माणसांत येण्याचं त्यांचं तेवढंच निमित्त होतं. मूलबाळ नव्हतं, काका अबोल. त्या दोन दिवसांत त्या वर्षाचं बोलून घ्यायच्या.

मग एक वर्षी दुकानाने जाहिरातीचा कागद काढला. त्यावर काकूंचा फोटो होता, ग्लासात नाक खुपसलेला. तो कागद कुणाच्या तरी टपालपेटीत पडला आणि तिथून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. रविवारी अध्यक्षीणबाईंच्या घरी चहाला आम्ही सात-आठ जणी जमलो. “माझं काही म्हणणं नाही हो,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “पण नैवेद्याचं आहे म्हणून बोलते. पिणाऱ्या बाईच्या हातचं देवाला कसं चालेल?” आम्हा सगळ्यांचे नवरे दर शुक्रवारी ऑफिसबरोबर पिऊन यायचे आणि तेच पुढे आरतीला झांजा वाजवायचे. ते कुणालाही आठवलं नाही, पोरांनी काकूंना पाडलेलं नावही नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. “तू जातेस ना शनिवारी त्यांच्याकडे? पितात का गं त्या?”

एक वाक्य पुरलं असतं. पण ‘त्या थुंकतात’ म्हटलं की ‘मग तू?’ आलंच असतं. माझ्या नवऱ्याची आत्तेबहीण समोर बसली होती. “मी काही बघितलं नाही,” मी म्हणाले. सगळ्यांना त्यातून हवं ते कळलं. यंदा मोदक नकोत, हा काकूंना निरोप सांगायचं कामही माझ्याकडेच आलं, कारण मी जवळची.

मी दुकानात गेले तेव्हा त्या ग्लास पुसत होत्या. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“तुला विचारलं असेल ना त्यांनी?”

“हो.”

“काय सांगितलंस?”

मी सांगितलं. त्यांनी हातातला ग्लास उजेडात धरून पाहिला आणि फळीवर ठेवला. “लाल पट्टीचं पाकीट घ्या म्हणावं पिठाचं,” त्या म्हणाल्या. “निळ्याच्या पाऱ्या फाटतात.” मग गिऱ्हाईक आलं आणि त्या तिकडे वळल्या.

मोदक माझ्याकडे आले. मी लाल पट्टीचं पीठ आणलं, एकही पारी फाटली नाही. “काकूंची उणीव भासू दिली नाहीस हो,” अध्यक्षीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि मी लाजल्यासारखं हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. काकू त्या वर्षी आल्या नाहीत, पुढेही कधी आल्या नाहीत. शनिवारचं बोलावणं थांबलं. भेटल्या की विचारपूस करायच्या, पण एखाद्या शेजारणीची करावी तशी.

काकांची पुण्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. घरात खोकी बांधून ठेवलेली होती. मी रडले. म्हटलं, “काकू, चुकलं माझं. मी आज सगळ्यांना खरं सांगते, ग्रुपवर लिहिते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं.

“तू मोकळी होशील,” त्या म्हणाल्या. “माझं काय परत येणार आहे? नको सांगूस. असू दे तुझ्याजवळ.”

आत बोलावलं नाही. दार मात्र सावकाश लावलं, आवाज न करता.

आज हे लिहिते आहे, म्हणजे त्यांचं तेही मी ऐकलं नाही. मंडळात कोणी हे वाचेल असं नाही. अध्यक्षीणबाई बदलल्या, हॉल बदलला, पण मोदक अजून मीच करते. यंदा नव्या आलेल्या चार मुलींना माझ्याकडे शिकायला पाठवलंय. मी पिते का, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.