कोरड्या वृंदावनातली तार

वन्सं गेल्याचा निरोप मला यवतमाळला एस.टी.च्या कंडक्टरनं दिला. लेकीच्या शिक्षणासाठी मी यंदा इथं बिऱ्हाड केलंय, आणि दिग्रसच्या सकाळच्या गाडीवरचा हा माणूस आमच्या ओळखीचा. मी भाजी घेऊन स्टँडवरून घरी चालले होते, तर त्यानं गाडीच्या दारातूनच हाक मारली, "ओ बाई, तुमच्या सुशीलाताई गेल्या पहाटे. वकीलसाहेबानं सांगाले लावलं." पोटाच्या दुखण्यानं त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, हे कधीतरी ऐकायचंच होतं. तरी मी तिथंच फुटपाथवर बसले. मग भाजीची पिशवी शेजारणीकडे ठेवायला दिली आणि परतीच्या त्याच गाडीनं दिग्रसला गेले. नणंद-भावजयीचं नातं आमचं. वीस वर्षं एका चुलीपाशी काढलेली. रडू मात्र आलं नाही... ते तेराव्या दिवशी आलं, आणि तेही रागाचं.

तेराव्याला पंगत बसली होती आणि मी ताक वाढत होते. माझे थोरले दीर, म्हणजे वन्संचे सख्खे मोठे भाऊ, ज्यांना अख्खं दिग्रस भाऊसाहेब वकील म्हणून ओळखतं, ते हात धुऊन उठले आणि चार लोकांसमोर म्हणाले, "आमची सुशीला म्हणजे क्षमेची मूर्ती. आयुष्यात तिनं कोणाबद्दल मनात काही ठेवलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. एक-दोघांनी डोळेही पुसले. मी ताक वाढता वाढता वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि ते पुढ्यातल्या पाहुण्यांच्या धोतरावर सांडलं. क्षमेची मूर्ती म्हणे! बाई बारा वर्षं एक गोष्ट मनात धरून बसली होती. ती विसरली नव्हती, तिनं सोडली नव्हती, आणि मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटत असेल तर त्याचाच. म्हणून हा लेख. भाऊसाहेब रविवारची पुरवणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. वाचोत.

वन्सं एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा त्या तेवीस-चोवीसच्या असतील. थोरल्या जाऊबाई संधिवातानं खाटेवर, त्यामुळे नऊ माणसांचा स्वयंपाक वन्संच्या अंगावर. तो उरकून दुपारी त्या कोठीत पोत्यावर बसून अभ्यास करायच्या. सातवीची फायनल त्यांनी अशी घरी बसून दिली आणि चांगल्या मार्कांनी पास झाल्या. मास्तरीण व्हायचं, हा त्यांचा एकच ध्यास. दिग्रसच्या मुलींच्या शाळेसमोरून जाताना त्यांची चाल मंद व्हायची. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी यवतमाळच्या अध्यापिकांच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला. वयाची अट होती आणि ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं. "औंदा नाही तं मग कधीच नाही," असं त्या पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या होत्या.

त्याच काळात घरात रेडिओ आला. बॅटरीवर चालणारा, लाकडी पेटीचा, भाऊसाहेबांच्या बैठकीत उंच फळीवर ठेवलेला. त्याची बॅटरी विटेएवढी जड आणि त्याच्यावर जाऊबाईंनी विणलेला हिरवा रुमाल. पण नुसती पेटी आणून नागपूर लागत नाही. गावात एरियल बांधणारा एकच माणूस होता, हिरासिंग. शेजारच्या बंजारा तांड्यावरचा शेतकरी. लढाईच्या वेळी पलटणीत तारा ओढायचं काम केल्यामुळे त्याला त्यातलं कळायचं. त्यानं छपरावर एक बल्ली उभी केली, दुसरी मागच्या कडुनिंबाला बांधली, दोन्हींमध्ये चिनी मातीचे गोळे अडकवून तांब्याची तार ताणली. तार नागपूरच्या दिशेला आडवी पाहिजे, यासाठी अर्धा दिवस त्यानं निंबावर काढला. मग म्हणाला, "साहेब, वरचं झालं. आता खालचं. रेडूची दुसरी तार जमिनीत गेली पायजे, अन् ते जमीन सदा ओली पायजे." आमची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सदा ओली जागा अंगणात एकच होती, तुळशीवृंदावन. त्याचा तळ उघडा होता, आतली माती थेट खालच्या जमिनीला लागलेली.

हिरासिंगनं वृंदावनात लोखंडी सळई ठोकली, भोवती कोळसा भरला आणि मीठ मागितलं. मीठ ओल धरून ठेवतं म्हणे. तेव्हा वन्सं स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मीठ नको. तुळस मरन. पाणी मी दोन टाइम टाकतो." हिरासिंग हसला. "मंग झालं तं. पण याद ठेव बाई, पाणी बंद तं रेडू बंद." त्याला घरात कोणी येऊ देत नसे, चहा ओट्यावरच्या वेगळ्या कपातून मिळे. त्या दिवशी वन्संनी तो आमच्या रोजच्या कपबशीत दिला. भाऊसाहेबांनी पाहिलं आणि दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. पण नागपूर असं लागलं की बातम्या देणारा आमच्या माजघरात बसून बोलतोय असं वाटावं. संध्याकाळी गावातले प्रतिष्ठित लोक बैठकीत यायला लागले. बायकांनी रेडिओला हात लावायचा नाही, हा नियमही त्याच आठवड्यात झाला. वन्सं सकाळ-संध्याकाळ तुळशीला कळशीभर पाणी घालत राहिल्या आणि यवतमाळच्या पत्राची वाट पाहत राहिल्या.

पत्र आलं नाही. मुलाखती एप्रिलात होतात एवढं त्यांनी ऐकलं होतं. एप्रिल संपला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दारात कुरड्या वाळत घालत होतो, तर पोस्टमन सायकलवरून उतरला आणि सहज म्हणाला, "काहो ताई, तुम्ही येवतमाळले नाई गेल्या? तुमची चिठ्ठी तं मी साहेबाच्या हाती देल्ली व्हती. ट्रेनिंगचा शिक्का व्हता तिच्यावर." वन्संच्या हातात कुरडईचा साचा होता. त्या आधी त्याच्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे. मग साचा खाली ठेवून, हात न धुता आत गेल्या. भाऊसाहेबांना त्यांनी काहीही विचारलं नाही. मला वाटलं रडतील, भांडतील, विहिरीपाशी जाऊन बसतील... त्यांनी त्या दिवशी एवढंच केलं, की तुळस मुळासकट उकरून तेलाच्या रिकाम्या डब्यात लावली आणि डबा स्वयंपाकघराच्या मागच्या दारी सावलीत ठेवला. "उन्हानं करपून राह्यली होती बिचारी," असं जाऊबाईंना सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, देवाधर्माचं करावं तर सुशीलानंच. दोन वेळची कळशी रोज डब्यातल्या तुळशीला मिळत होती. वृंदावनाला थेंब नाही.

मे महिना आणि आमच्याकडचं ऊन. दहाव्या दिवशी नागपूर खरखरायला लागलं. पंधराव्या दिवशी बातम्यांतला एक शब्द कळे, चार बुडत. आणि नेमकं त्याच वेळी भाऊसाहेबांचं नशीब फळफळलं होतं. सहकारी शेतीवर त्यांचं पंधरा मिनिटांचं भाषण नागपूरला जाऊन ध्वनिमुद्रित करून झालं होतं. मृगाच्या आठ दिवस आधी संध्याकाळी साडेसहाला ते लागणार होतं. त्यांनी गावभर आमंत्रणं केली. आपला आवाज रेडिओतून कसा येतो, हे ऐकायला तो माणूस लहान मुलासारखा उतावीळ झाला होता. मग सुरू झाली एरियलची दुरुस्ती. बल्ल्या वीस फुटांच्या तीस फूट झाल्या. अमरावतीहून नवी तार आली. निंबाच्या फांद्या छाटल्या. चिनी मातीचे गोळे दोनाचे चार केले. भाऊसाहेब अंगणात उभे राहून वर बोट दाखवत ओरडायचे, रस्त्यावरचे लोक थांबून वर बघायचे. सगळं गाव वर बघत होतं हो. पायाखाली बघायचं कोणाला सुचलं नाही, कारण तुळशीला पाणी घालणं हे बायकांचं काम, ते होतंच, ते बघायचं काय!

हिरासिंगला मात्र सुचलं. चौथ्यांदा बोलावल्यावर तो निंबावरून उतरला तो तारेवरून हात फिरवत थेट वृंदावनापाशी आला. आत माती तडकली होती आणि सळई भेगेत सुटी उभी होती. त्यानं हळूच विचारलं, "बाई, पाणी?" वन्सं म्हणाल्या, "तुळस हलवली." तो उकिडवा बसला, चिमूटभर माती बोटांत चुरून पाहिली. त्यांचं पत्र दाबलं गेल्याचं पोस्टमनकडून तांड्यापर्यंत पोचलेलं होतं, की त्याला तो वेगळा कप आठवला, मला माहीत नाही. उठून त्यानं हात झटकले आणि बैठकीकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "साहेब, वर सगळं बराबर हाय!" जाताना वन्संजवळून तो "याडी" असं पुटपुटत गेला. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

भाषणाच्या दिवशी अंगणात सतरंज्या, पानसुपारी, गूळ घातलेलं पन्हं. डॉक्टर आले, कापसाच्या जिनिंगचे मालक आले, शाळेचे हेडमास्तर आले. साडेसहाला भाऊसाहेबांनी स्वतः बटण फिरवलं. खर्र्र... आणि त्या खरखरीत खूप दूर कोणीतरी बोलतंय एवढं कळत होतं. ते बटण फिरवत राहिले. घाम गळून कॉलर भिजली. डॉक्टर म्हणाले, "हवा खराब असेल." पंधरा मिनिटं संपली. तेवढ्यात बाजाराकडून दोन व्यापारी हसत आत आले, "वा वकीलसाहेब! हॉटेलातल्या रेडूवर खणखणीत आयकू आलं. गर्दी जमली होती!" भाऊसाहेबांचा चेहरा मी दाराच्या फटीतून पाहिला. तो मला आजही आठवतो आणि आजही बरं वाटतं.

लोक गेल्यावर ते तारेचा माग काढत वृंदावनाशी आले. सळईला हात लावला तर ती हलणाऱ्या दातासारखी डुगडुगली. "सुशीले!" वन्सं पदराला हात पुसत बाहेर आल्या. चार माणसांत छापील बोलणारे भाऊसाहेब ओरडले, "इथं पाणी काहून नाही टाकलं तू?" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "तुमचं भाषण नागपुराहून निघालं दादा, दिग्रसले पोचलं, साऱ्या लोकाइनं आयकलं. तुमच्या हाती तेवढं नाही पडलं." आणि मग, "माही चिठ्ठीबी अशीच आलती." भाऊसाहेब म्हणाले, "एवढं मनात ठेवलं?" "हो," वन्सं म्हणाल्या, "अन् ठेवीन." त्या दिवसापासून बारा वर्षं त्यांनी भावाला जेवायला वाढलं, त्याच्या दुखण्यात पाय चेपले, पण 'दादा' ही हाक पुन्हा मारली नाही. भाऊसाहेबांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ क्षमा असा लावला. सोयीचा होता.

आता माझं सांगते. ते न सांगता हे छापायला देण्याचं तोंड मला नाही. भाऊसाहेबांचा कोर्टात घालायचा काळा कोट मी धूत असे. मुलाखतीच्या दहा दिवस आधी त्याचे खिसे रिकामे करताना ते पत्र माझ्या हातात आलं होतं. फोडलेलं, वन्संच्या नावाचं. मी ते वाचलं. माझी नलू सहा वर्षांची, धाकटा अंगावर पिणारा, जाऊबाई खाटेवर. वन्सं यवतमाळला गेल्या तर नऊ माणसांची चूल माझ्या गळ्यात पडणार, हे मी तिथंच उभ्या उभ्या मोजलं... आणि कोट वाळल्यावर पत्र परत त्याच खिशात ठेवलं. म्हणून पोस्टमन बोलला तेव्हा वन्संनी माझ्याकडे पाहिलं, तर मला नवल वाटल्याचं सोंगही आणता आलं नाही. मी मान खाली घातली. पुढच्या सगळ्या खेळात मी त्यांच्या बाजूनं मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते, आणि त्यांना माहीत होतं मी कोण आहे ते. वर्षामागून वर्षं गेली. मला त्यांनी कधी काही म्हटलं नाही, आणि मीही भाऊसाहेबांसारखीच समजले, की विसरल्या असतील.

गेल्या वर्षी नलूनं त्याच ट्रेनिंगसाठी अर्ज केला. अर्ज लिहून घेतला वन्संनीच. पुढचे दोन महिने, अंगात दुखणं असूनही, त्या रोज अकरा वाजता बाहेरच्या ओट्यावर येऊन बसत. भाऊसाहेबांना टपाल घ्यायला त्यांनी उठू दिलं नाही. एका सकाळी पोस्टमननं लांबट पाकीट काढलं. मी दारातच होते, माझ्या मुलीचं पत्र, मी हात पुढे केला. वन्सं खांबाला धरून उठल्या, पाकीट घेतलं आणि माझा हात तसाच हवेत ठेवून आत नलूला हाक मारली. ती धावत आली, तिच्या हातात त्यांनी ते दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुह्या हाती नाही देत मी."

नलू आता यवतमाळला ट्रेनिंगला आहे आणि मी तिच्याजवळ इथंच राहते. टपाल आलं की मी आतूनच "ओट्यावर ठेवा" म्हणून सांगते.