धुणारा हात

मेट्रनबाई दुसऱ्याच्या घरी गेल्या की दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायच्या आणि ते बोट घरच्या बाईच्या देखत रुमालाला पुसायच्या. कोणी पाणी दिलं तर पेला स्वतः विसळून परत करायच्या. कोणी फुलं आणली तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी फळं पोचायची. उपकार अंगावर शिळा होऊ द्यायच्या नाहीत. आभार मानणं त्यांना जमायचं नाही. त्याऐवजी "कशाला उगाच" म्हणायच्या, तेही असं की देणाऱ्यालाच अपराधी वाटावं. शिंक दाबायच्या. चर्चमध्ये उपासनेला शेवटच्या बाकावर बसायच्या. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. कोणाची कॉलर मळकी, कोण प्रार्थनेत घड्याळ बघतो, कोण डुलक्या काढतो. 'आमेन' होईपर्यंत अख्ख्या मंडळीची तपासणी उरकलेली असायची.

सगळे त्यांना मेट्रन म्हणायचे. नोकरी संपून वर्षं झाली होती, पण ते नाव काही निवृत्त झालं नाही. इस्पितळातला बायकांचा वॉर्ड त्यांनी आयुष्यभर सांभाळला. तिथल्या बायका बऱ्या व्हायच्या त्या औषधाने की भीतीने, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. शिकाऊ नर्सेस त्यांच्या चपलांचा आवाज ओळखायच्या आणि आधीच रडून घ्यायच्या.

पण त्यांच्या वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्या कोणाच्या पाठीला कधी जखम झाली नाही. ज्या बायकांना घरचेही शिवत नव्हते, ज्यांच्या वासाने वॉर्डबॉय दारातून परत फिरायचे, त्यांना मेट्रननी स्वतःच्या हाताने धुतलं. नाक न मुरडता. हे खोटं नव्हतं. अडचण एवढीच होती की हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

देव त्यांच्या लेखी मोठा डॉक्टर होता. एक दिवस न सांगता राउंडला येणार, चादर उचलून बघणार. बघू दे. त्यांची तयारी होती. बाकीच्यांचं काय ते त्यांनी बघावं.

अशात मंडळीला नवे पाळक आले. वय कोवळं, गळ्याची घाटी मोठी, बोलताना हात कुठे ठेवावेत ते ठाऊक नाही. पहिल्याच उपदेशात त्यांनी सांगितलं की माणूस आपल्या कामांनी देवापुढे नीतिमान ठरत नाही. नीतिमत्त्व कमावता येत नाही, ते मिळतं. ख्रिस्ताने केलं त्यावर विश्वास टाकायचा, आणि त्याचं नीतिमत्त्व देव आपलं म्हणून धरतो. सत्कर्मं मागून येतात, झाडाला फळं येतात तशी.

उपासना सुटल्यावर मेट्रननी त्यांना दारात गाठलं.

"पाळकसाहेब, म्हणजे मी आयुष्यभर उगाच मरमर केली."

"तसं नाही म्हणालो, मेट्रनबाई. तुमची सेवा वाया नाही गेली. फक्त ते आत जायचं तिकीट नव्हतं."

"मग ज्याने काहीच केलं नाही, तोही आत?"

"विश्वास ठेवला तर."

"सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा." मेट्रननी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "डॉक्टर पाय कापतो तेव्हा विश्वासाने कापतो का हो? हात धुतो, हत्यारं उकळतो, शिकून येतो."

"डॉक्टर शिकून येतो," पाळक म्हणाले. "पण टेबलावर जो झोपतो, तो विश्वासानेच झोपतो ना?"

"तुमच्या बुटाची नाडी सुटली आहे," मेट्रन म्हणाल्या आणि निघाल्या.

हे सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांची धाकटी बहीण परत आली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.

धाकटीचं काय सांगावं. मेट्रन तरी सांगायच्या नाहीत. नुसता ओठ मुडपायच्या. तारुण्यात ती एका वाजंत्र्याच्या मागे घर सोडून गेली. तो तिला सोडून गेला. मग ती हॉटेलांतून गायली, प्यायली, कोणाकोणाच्या घरी राहिली, कोणाकोणाचे संसार विस्कटून आली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचा पत्ता नव्हता. आईचं सगळं मेट्रननी केलं, याच घरात, याच खोलीत, वॉर्डातून आल्यावर पुन्हा दुसरा वॉर्ड. आणि आता केस पिकल्यावर, आवाज फाटल्यावर, शिवणकारखान्यात बटणं लावायच्या नोकरीवर आल्यावर बाईसाहेबांचा विश्वास जागा झाला होता. पहिल्या बाकावर बसून रडायची, आणि ते रडणं आनंदाचं आहे असं चारचौघांना सांगायची.

"करून करून भागली आणि देवपूजेला लागली," मेट्रन शेजारणीला म्हणाल्या. "आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातं?"

शेजारीण हसली. मेट्रनना मात्र हसू आलं नाही. पाळक म्हणतो ते खरं असेल तर धाकटी आणि त्या एकाच दाराने आत जाणार होत्या. शेजारी शेजारी. मग त्या सगळ्या पाठी, ती सगळी मलमूत्राची भांडी, आईची ती वर्षं, यांचं काय झालं? ती कोणी मोजलीच नाहीत की काय? हा प्रश्न त्यांना खाऊ लागला. त्यांनी उपासनेला जाणं सोडलं नाही, पण उपदेश सुरू झाला की त्या पाठी बघायच्या सोडून छताकडे बघायच्या.

मग झटका आला आणि उजवं अंग गेलं. जीभ शाबूत राहिली. शेजारणीच्या नवऱ्याचं म्हणणं, देवाने उलटं करायला हवं होतं.

अंघोळ घालायला बायका ठेवल्या. एकीचं पाणी गार, एकीची नखं वाढलेली, एक पाठ पुसताना गाणं गुणगुणते. शेवटची बाई अर्धी अंघोळ टाकून उठली. म्हणाली, "मेट्रनबाई, तुम्हाला अंघोळ घालण्यापेक्षा मांजर धुतलेली परवडली." ती गेल्यावर कोणीच उरलं नाही. मग धाकटी आली. सकाळी कारखान्याला जायच्या आधी येईन, म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. शेजारणीकडची किल्ली तिने घेऊनही टाकली होती.

पहिल्या दिवशी तिने दार उघडलं तर मेट्रन खुर्चीत बसलेल्या. केस ओले, झग्याची बटणं एक घर चुकलेली, फरशीवर पाणीच पाणी.

"माझं आवरलं आहे. तू जा."

"कोणी आवरलं?"

"ज्याचं त्याने."

"ताई, कानात साबण आहे."

"असू दे. कान माझा आहे."

धाकटीने फरशी पुसली, बटणं नीट लावली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती जरा लवकर आली, तर मेट्रन त्याहून लवकर उठलेल्या. मग हे रोजचंच झालं. डाव्या हाताने बादली ओढायची, डाव्या हाताने साबण फासायचा, भिंतीला टेकून अंग पुसायचं, आणि धाकटीची चाहूल लागायच्या आत महाराणीसारखं खुर्चीत बसायचं. दम लागायचा. पण धाकटीला धुवायला काही सापडायचं नाही, आणि तिचं तोंड बघून मेट्रनचा दिवस बरा जायचा.

एक दिवस धाकटी हसली.

"मोलकरीण यायच्या आधी घर झाडून ठेवणारी बाई असते ना, तशी तू आहेस."

"घाणेरड्या घरात मोलकरणीला बोलवायची मला लाज वाटते."

"मग बोलवायची कशाला?"

"मी कुठे बोलावलं?"

"तेही खरं." धाकटी स्टुलावर बसली. "तू वर गेल्यावरही हेच करणार. आधी स्वतः घासूनपुसून घेणार आणि मग प्रभूला म्हणणार, बघा, तुमच्याजोगं काम काही शिल्लक नाही."

"तुला बोलायला काय. तुझ्याकडे घाणच घाण."

"हो ना. म्हणून तर मला लवकर समजलं. माझ्याच्याने निघण्यातली नव्हती."

तिला टोचत कसं नाही, याचा मेट्रनना राग आला. त्यांनी शेवटचं हत्यार काढलं.

"आई गेली तेव्हा कुठे होतीस?"

धाकटीने मान खाली घातली नाही. "एका हॉटेलात गात होते. निरोप मिळाला होता. आले नाही."

"का?"

"त्या दिवशी प्यायले होते. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. मग लाज विसरायला पुन्हा प्यायले."

"आणि तेही माफ?"

"तेही."

"मला न विचारता?"

धाकटीने पिशवी उचलली.

"देवाने केलं माफ. तुला विचारायला मी रोज येते, ताई. तू रोज अंघोळ करून बसलेली असतेस."

वॉर्डात मेट्रनना असं कोणी कधी बोललं नव्हतं. "कारखान्याला उशीर होईल," त्या म्हणाल्या आणि दाराकडे हात केला.

हात वर गेला तशी झग्याची सैल बाही खांद्याकडे घसरली. धाकटी दारातून परत आली. तिने तो हात मनगटाला धरला आणि उजेडाकडे वळवला. मेट्रनही बघू लागल्या. कोपरापासून वर कातडी काळवंडलेली होती, तिच्यावर मळाचे पट्टे धरलेले. काखेत लाल पुरळ उठलं होतं. ज्या बाईने वॉर्डाच्या दारातून कोणत्या खाटेवरचं कोपर धुतलं नाही ते ओळखावं, तिचा हा हात.

"हा कोण धुतं?" धाकटीने विचारलं.

मेट्रनची नजर मांडीवर गेली. उजवा हात तिथे मेल्यासारखा पडला होता. त्याला त्या रोज धूत होत्या. चेहरा, मान, पोट, पाय, सगळ्याला हा डावा हात पुरत होता. फक्त स्वतःला पुरत नव्हता. भिंतीला घासून, गुडघ्यावरच्या टॉवेलवर रगडून जेवढं जमलं तेवढंच झालं होतं.

धाकटीने आणखी काही ऐकवलं असतं तर मेट्रननी तिला हाकललं असतं.

"धुऊ?"

"राहू दे."

"बरं," धाकटी म्हणाली आणि गेली.

दिवसभर मेट्रन खुर्चीतून हलल्या नाहीत. स्वतःची त्यांना किळस आली. किळस त्यांना जुनी होती, पण ती नेहमी दुसऱ्यांची असायची. मग एकेक बाई आठवू लागली. रस्त्यावरून उचलून आणलेली. नवऱ्याने जाळलेली. सगळ्या वॉर्डाला शिव्या घालणारी ती म्हातारी, जिच्या केसांत किडे झाले होते. त्यांतल्या कोणाला त्यांनी कधी विचारलं होतं का, की बाई, तू आजवर काय चांगलं केलंस? आधी स्वच्छ होऊन ये, मग धुते, असं म्हटलं होतं का? त्या बायका काहीच करत नव्हत्या. नुसत्या पडून राहायच्या आणि हात पुढे करायच्या. जी हात पुढे करायची नाही, अंग चोरायची, तिच्यावर मेट्रन डाफरायच्या. अगं, मला काय नवीन आहे का हे? दे इकडे.

हे आठवल्यावर त्या स्वतःशीच तुच्छतेने हसल्या. म्हणजे तो नाडी सुटलेला पोरगा बरोबर होता. आणि धाकटीही. यापेक्षा दुसरा झटका परवडला असता.

संध्याकाळी शेजारीण जेवण घेऊन आली तेव्हा मेट्रन छताकडे बघून बोलत होत्या. शेजारणीला वाटलं, फोन चालू आहे. "माझ्याकडून नाही होत," त्या म्हणत होत्या. "आता बघ काय ते. कमी मी काही केलं नव्हतं, हे लक्षात असू दे. पण नाही होत." ही प्रार्थना होती की तक्रार, हे शेजारणीला अजूनही सांगता येत नाही. ताट ठेवून ती निघाली तेव्हा मेट्रन म्हणाल्या, "आभारी आहे." शेजारीण घाबरली. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, मेट्रनचं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने नेहमीच्या वेळी दार उघडलं.

मेट्रन खुर्चीत होत्या. केस कोरडे होते, विंचरलेले नव्हते. बादली भरून पायाशी ओढलेली, पण पाणी नितळ होतं. साबणाची नवी वडी कागदातच. फक्त चेहरा तेवढा धुतलेला दिसत होता. पुढचं त्यांनी केलं नव्हतं. मान एका बाजूला कलली होती, आणि श्वास नव्हता.

धाकटीने शेजारणीला हाक मारली. ती आली, डोळे पुसत म्हणाली, "बिचारीची अंघोळ अर्धीच राहिली गं."

धाकटी डाव्या हाताकडे बघत होती. खुर्चीच्या दांडीवर टॉवेल अंथरला होता आणि त्यावर तो हात, तळवा वर करून, वॉर्डात रुग्णाचा हात ठेवतात तसा सरळ ठेवलेला. बाही पार खांद्यापर्यंत चढवली होती. उजव्या हाताने ती चढवता येणं शक्य नव्हतं. बाहीची कड चुरगळली होती, तिथे दातांच्या खुणा होत्या, आणि कापड अजून ओलसर होतं.