फोटोमागचं लिखाण

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची स्वतःची वेबसाइट होती, पण खरं सांगायचं तर ती त्याच्या थोरल्या बहिणीची होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर ताईने हौसेने ती उभी केली. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, हे तो सांगायचा आणि ती टाइप करायची. शिवाय प्रत्येक फोटोमागे ती दोन ओळींचं वर्णन लिहायची. पानावर ते दिसत नसे. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ते वाचून दाखवतो. मिस्त्री चेष्टा करायचा, की हा नसता उपद्व्याप कुणासाठी? ताई म्हणायची, "तू स्क्रू पीळ."

दोन वर्षांपूर्वी ताईची नजर गेली. तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर ती फोनवर आपलीच साइट ऐकते.

आता जुनं सॉफ्टवेअर बंद होणार, अशी नोटीस आली. भाचीला विचारून विचारून तिचं डोकं खात मिस्त्रीने सगळं नव्या सॉफ्टवेअरवर हलवलं. मजकूर आला, फोटो आले, गडी खुशीत ताईकडे गेला. तिने फोन कानाला लावला. फोन म्हणाला, "चित्र." पुढच्या पानावरही तेच, "चित्र." वर्णनं मागेच राहिली होती. ताईने फोन हळूच उपडा ठेवला. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुनी साइट आणखी आठ दिवस उघडी होती. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो एकेक वर्णन उचलून नव्या जागी चिकटवू लागला. तीनशे बारा फोटो. नाकी नऊ आले. पण इतक्या वर्षांत त्याने ती पहिल्यांदाच वाचली. 'गंजलेलं चाक, पण फिरतं हलकं.' 'भावाचा हात. सुई बसवताना हा श्वास रोखतो, लहानपणीही रोखायचा.' त्याचे डोळे भरून आले. त्याच्याकडे इतकं निरखून कुणीच पाहिलं नव्हतं.

शेवटी त्याने एक नवा फोटो टाकला आणि वर्णन स्वतः लिहिलं. सकाळी ताईने ते ऐकलं: 'ताई खिडकीशी बसून ऐकते आहे. हिचे उपकार फिटायचे नाहीत.'

"हे भाषण झालं," ताई म्हणाली. "अंगावर शाल आहे ना? तिचा रंग?"

"निळी आहे. डाव्या खांद्यावरून घसरलीये."

ताईने शाल सावरली, ताठ बसली. "आता नीट बघ," ती म्हणाली, "आणि पुन्हा लिही."