बाबांची दाढी आणि दोन तुरट्या

गेल्या रविवारी सकाळी, तेलुगू मुलखातल्या मावला गावी, आमच्या घरी, मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांची दाढी केली... आणि घामाघूम झालो.

बाबा भीमपूरकडचे शेतकरी. दीड महिन्यापूर्वी त्यांना स्टेंट बसला, तेव्हापासून ते आणि आई आमच्याकडेच आहेत. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू. "कुठे कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, जपा," असं डॉक्टरांनी बजावलेलं.

म्हणून मी ट्रिमर आणला, पण त्यानं खुंट राहतात आणि बाबांना ते चालत नाहीत. त्यात दुपारी नेरडीगोंड्याला माझ्या भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. "अशा तोंडानं मी पाव्हण्यायत येत नाई," म्हणाले. संपला विषय. त्यांच्या हाती ब्लेड द्यायला मी धजेना, म्हणून दाढी मीच करायची ठरली.

तयारी मात्र मी आधीपासून केली होती. दोन तुरट्या आणल्या होत्या. एक ऑनलाइन, साडेतीनशेची, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. दुसरी बाजारातली, दहा रुपयांचा ओबडधोबड खडा... दुकानदारानं तेलुगूत 'पटिका' म्हणत कागदात गुंडाळून दिलेला.

आठवडाभर स्वतःवर प्रयोग केला. डाव्या गालाला स्वस्त, उजव्याला महाग. महागडी हातात छान बसते, खड्याचे कोपरे टोचतात. ते पाण्यात घासून बोथट केले, मग तोही बरा चालला. चुणचुण दोन्हींची अगदी सारखी!

तर रविवारी एक गाल झाला, दुसरा निम्मा झाला... आणि हनुवटीच्या खळीत ब्लेड लागलं.

महागडी वडी लावली. रक्त थांबेना. खडा लावला, तरी थांबेना. पुसायचं, बघायचं, पुन्हा दुसरी लावायची... टॉवेलवर लाल डाग वाढायला लागले. "आई, गाडीची किल्ली आण!" मी ओरडलोच.

बाबांनी माझं मनगट धरलं. "काऊन घाबरून राह्यला? रगडू नको. दाबून धर. अन् घडीघडी उचलून पाहू नको."

हातात खडा होता, तोच दाबून धरला. आई किल्ली घेऊन दारात उभी, नजर घड्याळावर. पाच मिनिटं... दहा मिनिटं. बाबांचा चेहरा इतक्या जवळून मी कधी पाहिलाच नव्हता. गालाची हाडं किती वर आलीत...

खडा उचलला. रक्त थांबलं होतं.

मी तिथेच बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसलो. बाबा वरून म्हणाले, "बसला काऊन? अर्धा गाल राह्यला ना बे."

साक्षगंधात हनुवटीवर बारीक लाल रेघ घेऊन बाबा सगळ्यांशी हसत-बोलत होते. दवाखान्यातून आल्यापासून त्यांना असं खुलून हसताना मी पाहिलं नव्हतं.

तुरटी कोणती घ्यावी म्हणाल, तर परवडेल ती घ्या, फक्त नीट दाबून धरा. दाढी करवून घ्यायला, वर मलाच दटावायला बाबा समोर आहेत... माझं एवढ्यानंच पोट भरलं.